कुठं बुजला?

बैल समोर आणला की चाचा आधी त्याच्या खुरांकडे पाहायचे, मग मालकाकडे, आणि विचारायचे, "कुठं बुजला?" कशाला बुजला, हे मालक आपणहून सांगत सुटायचा. चाचा हातानेच त्याला थांबवायचे. "ते कळंल. कुठं, ते सांग."

वडवणीच्या बाजारात बैलांना नाल ठोकणारे चाचा तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. तोंडात खिळे धरून बोलायचे, आणि बोलायचे बहुतेक स्वतःच्या कसबाबद्दलच. बुजरे बैल सुधारायचा त्यांना नाद होता.

शेजारच्या गावातला एक बैल लग्नातल्या ताशाला बुजला होता. चाचांनी त्याला आपल्या अंगणात बांधलं. ताशा वाजला की मूठभर सरकीची पेंड. बैल निवळला, मालक खुशीत घेऊन गेला. त्याच लग्नघरासमोर पुन्हा ताशा वाजला आणि बैलाने जू मोडलं. "अंगणात विसरला, ते अंगणापुरतं," चाचा म्हणाले. तेव्हापासून त्यांचा नियम झाला : शेवटची पेंड बुजल्या जागेवरच चारायची. ताशेवाल्याला घेऊन ते त्या घरापुढे गेले. लग्न नाही, सण नाही. घरमालक बनियनवरच बाहेर आला.

"कावून वाजवता?"

"बैलासाठी. तुमी झोपा."

माझा बैल ट्रॅक्टरच्या हॉर्नला बुजायचा. चाचांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, स्टँडसमोर.

ते खोटं होतं. आमच्या गावाअलीकडच्या फरशी पुलावर बैल अडला होता. मागे उसाचा ट्रॅक्टर सारखा हॉर्न देत होता, आणि तो वाजत होता तोवर मी बैलाला लोखंडी सळईने हाणत होतो. बैलाला मी बोटही लावत नाही, असं गावभर सांगायची मला सवय होती. पुलाचं नाव घेतलं असतं तर तिथं काय झालं, हा पुढचा प्रश्न आला असता.

चाचा बरेच दिवस स्टँडसमोर बसले. हॉर्न, पेंड, हॉर्न, पेंड. शेवटी हॉर्न ऐकला की बैल पेंडीसाठी मान वळवू लागला. ते चाचांनी चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवलं.

बैल माझ्या एकबैली गाडीला जुंपून पोचवायला ते स्वतः निघाले. कासरा त्यांच्या हातात, मी शेजारी. पूल दिसला. मागून ट्रॅक्टर येत होता. चाचा, आपण उतरू, एवढंच म्हणायचं होतं. आता म्हणतो, आता म्हणतो करत चाकं उताराला लागली आणि हॉर्न वाजला. बैल उधळला, गाडी कलंडली, चाचांचा गुडघा चाकाखाली गेला.

पडल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "भाऊ, हा इथं कावून बुजला?"

माणसं जमली होती. मी म्हणालो, "चाचा, तुमचं शिकवणं कच्चं राहिलं."

त्यांनी ते खरं मानलं. गुडघा पुन्हा वाकला नाही, आणि उभ्याने नाल ठोकता येत नाही. मग त्यांनी फळांचा गाडा लावला. बुजरा बैल कुणी आणला तर परत पाठवायचे. "न्हाई बाबा, माझं कच्चं राहतंय."

दर बाजारी मी त्यांच्याकडूनच फळं घ्यायचो. ते मला निवडून द्यायचे. घरी, शेतात, एसटीत बसल्या बसल्या मला खरं काय ते नीट म्हणता यायचं. गाड्यापुढे उभा राहिलो की नुसती पिशवी पुढे करायचो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या जागेवर आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. परवा मी तिथे जाऊन उभा राहिलो. पाय ठरत नव्हते.

"काय पायजे, आजोबा?"

मी एक कव्हर उचललं, पाहिलं, खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"फरशी पुलावर बुजला होता," मी म्हणालो. "मी मारलं होतं त्याला."

त्याने माझ्या हातातलं कव्हर हळूच काढून घेतलं. "बरं," म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.