डब्यावरचं नाव

"ह्यो मास्तरांचा डबा हाय ना?" गिरणीवाला माझ्याकडे न बघताच म्हणाला. मी मान हलवली. मास्तर म्हणजे माझे वडील.

मिरजगावच्या या गिरणीत दळणाच्या डब्यावर तो खडूने घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव लिहितो. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असतं. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत, डबे मात्र राहतात. माझं नाव त्याने एकदाच विचारलं होतं. गिरणीच्या आवाजात मी ते पुटपुटले, त्याला ऐकू गेलं नाही, आणि मी पुन्हा सांगितलं नाही. आपण कोण हे आपल्याला इतरांच्या नजरेतून कळतं, असा निबंध मी कॉलेजात लिहिला होता. इथे मी मास्तरांचा डबा होते.

त्या दिवशी माझ्यापुढे शेजारच्या काकू होत्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. त्याने त्यांच्या झाकणावरचं नाव ओल्या बोटाने पुसलं.

"काकू, आता नाव सांगा."

"पोराचं टाक की."

"पोरगं पुन्याला ऱ्हातंय. भाकरी तुमी खाता न्हवं? तुमचं सांगा."

"लई दिसांनी कुनी इचारलं," काकू म्हणाल्या, आणि मग, "भागूबाई."

त्याने ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि माझा डबा पुढे ओढला.

मी गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवला. "ते पुसा. दळण मी आणते. एस्तेर लिहा."