पाठीवर हात ठेवला की पिल्लू का बसते?

मित्रहो, आपणही पाहिले असेल: कुत्र्याच्या पिल्लाला ताठ उभे करण्यासाठी पाठीवर हात ठेवावा, तर ते हमखास खाली बसते. असे का?

आज सकाळी मिरजगावात शेजारचे भाऊराव आपले पिल्लू नगरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी तयार करत होते. बाजारात बैल दाखवतात तसे एका हाताने तोंड उचलून दुसऱ्याने पाठ दाबत होते. पिल्लू पुन्हा पुन्हा बसे.

“भाऊराव, अहो, हा काही बैल नव्हे,” मी हसत म्हणालो.

“बैल चारा छावनीत मेले, गुरुजी. दावनीला आता ह्येच हाय. ह्ये तरी उभं ऱ्हावं.”

यंदाच्या दुष्काळात असे इतके ऐकले आहे, की मला काहीच वाटले नाही. मी पिल्लाविषयीच बोलत राहिलो.

पाठ दाबली की पिल्लाचे कोवळे मागचे पाय वाकतात. छातीला हलका रेटा दिला, तर मागे सरकू नये म्हणून ते चारही पाय घट्ट रोवते.

भाऊरावांनी छातीवर तळवा ठेवला. पिल्लू ताठ उभे राहिले.

“ऱ्हायलं की!” ते म्हणाले. हसले नाहीत, पण बराच वेळ हातही काढला नाही.

आपल्या घरी पिल्लू असेल, तर आधी पाठीवर आणि मग छातीवर तळवा ठेवून पाहा.