हाक देऊनच वर

झाडाला तळवा टेकायचा, चारी दिशांना एकेकदा वळायचं आणि प्रत्येक दिशेला खणखणीत आवाजात सांगायचं, "चढतोय होऽऽ!" मग डोक्याचा रुमाल सोडून सावकाश पुन्हा बांधायचा. तोवर शेजारच्या घरांतून उत्तरं यायची. "चढा!" "चढा होऽ!" एखादीकडून, "थांबा जरा!" सगळ्या घरांचं उत्तर आल्याशिवाय आमच्या गावचे नारळ पाडणारे काका माडावर पाय ठेवत नसत.

दिवेआगरच्या बाजूला वाडीतल्या घरात राहिला असाल तर याचं कारण तुम्हाला सांगायला नको. राहिला नसाल तर सांगतो. आमच्याकडे घरामागे झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, न्हाणी असते. तिला चार भिंती असतात, छप्पर नसतं. छप्पर कशाला हवं? गावात वर जाणारा माणूस एकच, आणि तो हाक दिल्याशिवाय जात नाही.

मी इथल्या बागायतदार सोसायटीचा चिटणीस. मोजायची मला खोड आहे. ते माडावर असले की मी खाली वही घेऊन उभा. उंचीवरून त्यांना अख्खी आळी दिसत असणार, म्हणून कधी कधी विचारायचो, "त्या नव्या पाहुणेघराच्या मागे काय खोदतायत हो?"

वरून उत्तर यायचं, "अठरा नारळ हायत. चार कोवळे."

"नारळ नाही विचारले मी."

"भाऊ, वरून खाली आणायचा तो फक्त नारळ. बाकीचं वरच ऱ्हातं."

वादळात माझ्या शेहेचाळीस माडांचे सतरा झाले. दुसऱ्या दिवशी ते वाडीत आले. आडव्या पडलेल्या खोडावरून पलीकडे जायला पाय उचलला आणि त्याआधी तोंडातून हाक निघून गेली. स्वतःशीच हसले. "सवय, भाऊ." मग तासभर आम्ही दोघं पडलेल्या माडांवरचे नारळ गोळा करत राहिलो.

पुढे त्यांचा उजवा गुडघा गेला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघे पाहुण्यांच्या गाड्या चालवायला लागले. माडाचं एक वेळ चालतं, नारळ पिकला की आपण होऊन पडतो. पोफळीचं तसं नाही. पावसाच्या तोंडावर शेंड्याला मोरचूद-चुन्याचं औषध बसलं नाही तर सुपारी काळी पडून गळते. त्या वर्षी माझी पाच घडांमागे तीन घड गेले. आळीत सगळ्यांचंच असं झालं.

म्हणून जिल्हा कृषी कार्यालयातल्या मॅडम फवारणीचा ड्रोन घेऊन आल्या तेव्हा मी खूश होतो. देशभर ड्रोनचा मोठा कार्यक्रम उभा करायचा आहे, आणि तो सुरक्षित कसा चालवायचा हे काही गावांत करून पाहायचं आहे, असं त्या म्हणाल्या. कागद चोख होते. ड्रोनला नोंदणी क्रमांक, चालवणाऱ्याकडे परवाना, विमा, वाऱ्याची मर्यादा, उंचीची मर्यादा. उरणकडे बंदर आहे, तिथे नियम वेगळे. आपल्याकडे आकाश मोकळं, हेही त्यांनी नकाशावर दाखवलं. मी चौदा रकाने तपासले आणि चौदाही बरोबर निघाले. सूचना सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. वाडीत रेंज नसते, हे मला माहीत असून सुचलं नाही.

सकाळी सव्वासातला ड्रोन उठला. शेजारच्या काकूंच्या न्हाणीवर पोचायला त्याला चाळीस सेकंद लागली.

आधी किंकाळी आली. मग न्हाणीतून तांब्या वर गेला, ड्रोनच्या हातभर बाजूने निघाला आणि माझ्या छपरावर उतरला. दोन कौलं फुटली.

"कोण रे तो मेल्या! खाली ये, दाखवते तुला!" काकू ओरडत होत्या. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. चालवणारा मुकाट्याने ड्रोन उतरवत होता.

संध्याकाळी ग्रामसभा भरली. इतक्या बायका मी सभेला कधी पाहिल्या नव्हत्या. ठराव एकच, हा पंखा गावात नको. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "ठराव झाला तर मला ड्रोन उद्याच पुढच्या गावी न्यावा लागेल." म्हणजे औषध नाही, म्हणजे यंदाची सुपारीही गेली. मी उठून चौदा रकाने वाचून दाखवले. काकूंनी विचारलं, "त्यात न्हाणी कुठे आहे?" ती नव्हती.

मग काका उठले. एक हात गुडघ्यावर, दुसरा खांबावर. सगळे त्यांच्याकडे वळले, कारण ड्रोनमुळे कोणाच्या पोटावर पाय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हा माणूस आता त्याला झोडपणार, असंच वाटलं.

"यंत्र चांगलं हाय," ते म्हणाले. "माझा गुडघा त्याला न्हाय. पण त्यानं हाक दिली न्हाय. वर जाणाऱ्यानं हाक द्यावी, उत्तर यावं, मग चढावं. आणि वरून खाली काय आणू नये."

मॅडमनी वही उघडली. "हाक दिल्यावर किती थांबायचं?"

"अंगावरचं पाणी निपटून लुगडं नेसायला लागतं तेवढं."

"काका, मिनिटं सांगा," मी म्हणालो.

"मला काय ठाऊक? त्यांना विचारा."

काकू ताडकन म्हणाल्या, "सात!"

सात लिहिलं. ठराव असा झाला: उड्डाणाआधी माणसाने आळीत फिरून हाक द्यायची, सात मिनिटं थांबायचं, तेवीसच्या तेवीस घरांचं उत्तर नोंदवायचं, ज्या घराचं उत्तर नाही त्याच्यावरून जायचं नाही, चित्रण बंद ठेवायचं, आणि ते बंद असल्याचं रोज तीन बायकांनी तपासायचं. मॅडम म्हणाल्या, "हा कागद मी वर पाठवते. आमच्या नियमावलीत वारा आहे, बॅटरी आहे. हे नव्हतं."

हाक द्यायचं काम अर्थात काकांकडेच आलं. यंत्र चढणार, तेव्हा "चढवतोय" म्हणा, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. रोज सकाळी काठी टेकत आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत "चढतोय होऽऽ!" चालायचं, जणू स्वतःच वर निघालेत. चालवणाऱ्याने एकदा विचारलं, "आजोबा, तुमचा आवाज भोंग्यावर भरून घेऊ का? पायपीट वाचेल."

"भोंग्याला 'थांबा जरा' ऐकू येतं काय?"

तो विषय तिथे मिटला.

एक कबुली द्यायला हवी. चुलतभावाशी माझा बांधावरच्या चार पोफळींचा वाद आहे. एका सकाळी मी चालवणाऱ्याला म्हटलं, "जाता जाता बांधाचा एक फोटो घे की, किती फूट आत आहे ते कळेल." मागून काठी वाजली.

"भाऊ, नारळ हाय काय तो?"

मी वहीत डोकं घातलं. वाद अजून आहे.

दोन वर्षं सुपारी चांगली आली. तिसऱ्या वर्षी पावसाच्या आधी एका सकाळी टाकीत औषध भरलेलं होतं, वारा बेताचा होता, रकाने पुरे होते, आणि हाक आली नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते झोपेतच गेले होते. त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे: "हाक नाही. उड्डाण नाही."

आता हाक काकू देतात. आवाज असा, की पलीकडच्या आळीतल्या बायकाही पदर सावरतात. यंदा मॅडम फवारणीचा नकाशा बघायला आल्या. सगळी आळी हिरवी आणि मध्ये एक पांढरा चौकोन.

"इथे का सोडलंत?"

"ते काकांचं घर. तिथून आता उत्तर येत नाही," मी म्हणालो. ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. त्यांनी चौकोन तसाच राहू दिला.

पण त्या बंद घरामागे पाच पोफळी आहेत आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. रविवारी सकाळी मी अकरा पायऱ्यांची शिडी आणि हातपंप घेऊन तिथे गेलो. आयुष्यात कधी झाडावर चढलो नव्हतो. खोडाला तळवा टेकला. चारी दिशांना वळलो. हाक दिली.

"चढतोय होऽऽ!"

घड्याळ लावलं. एकेक घर बोलू लागलं. मी बोटांवर मोजत होतो. शेवटी काकूंच्या न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ उत्तर:

"चढ रे बाबा! पण तोंड तिकडे कर!"