हळदीकुंकवातलं कौतुक

कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की मी सुटते. माइक हातात आला की तो माझ्याकडून काढूनच घ्यावा लागतो. नवरा म्हणायचा, "हिला देवानं जीभ दिली, लगाम द्यायचा तेवढा विसरला." मी हसून सोडून द्यायचे. आता नाही हसू येत.

दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं मी पाच-सहा वर्षं किशोरी मुलींचा बचत गट चालवला. काम एका संस्थेचं, मानधन बेताचं, पण मान मोठा. म्हाताऱ्यासुद्धा मला ताई म्हणायच्या. घरची ओढाताण असलेल्या, शाळा सुटायच्या बेतात आलेल्या पोरी निवडायच्या, असं संस्थेचं सांगणं होतं. रविवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत त्या जमायच्या. प्रत्येकीच्या नावानं पोस्टात मुदतीचं खातं काढलं होतं आणि सगळी पासबुकं माझ्या कपाटात असायची. पुस्तक घरी गेलं की पैसा घरचा होतो, मग कधी भावाची मोटारसायकल, कधी गणपतीचा खर्च. म्हणून गटाचा पहिला नियम असा, की कुणाचे किती साठले ते गटाबाहेर बोलायचं नाही. हा नियम मीच शिकवायचे, तोही बोट उगारून.

त्यात एक पोर होती. तीन बहिणींत थोरली. बापाची कारखान्यातली नोकरी पाठीच्या दुखण्यानं सुटलेली. वादळात नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या तेव्हापासून आईचं सुपारी सोलायचं कामही निम्म्यावर आलेलं. ही पोर शाळा सांभाळून शनिवार-रविवारी एका होमस्टेमध्ये जायची. सकाळी खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, मोदकांसाठी नारळ खवायचे आणि तिथून तशीच ओल्या हातांनी गटात यायची. पगार आईच्या हातात जायचा. पण पाहुणे जाताना जी बक्षिसी देत, ती मात्र ती माझ्याकडे आणायची. घामानं मऊ पडलेल्या नोटा. "आईला न्हाय म्हाईत हां ताई," एवढंच म्हणायची.

तिला नर्स व्हायचं होतं. बारावी झाली की अलिबागला जायचं, हे तिचं ठरलेलं. फॉर्मला किती, हॉस्टेलला किती, पांढरे युनिफॉर्म दोन लागतात, सगळं तोंडपाठ. आधी सांगितलं तर घरचे नको म्हणतील, पैसे हातात असले की नको म्हणायला कारण उरणार नाही, असं तिचं गणित. चोख होतं हो ते गणित. मीच बिघडवलं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर गावात महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. संस्थेच्या मॅडम मुंबईहून येणार होत्या, सोबत फोटो काढणारे. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "ताई, एखाद्या मुलीबद्दल बोला ना, लोकांना प्रेरणा मिळेल." झालं! मला तेवढंच हवं होतं.

देवळासमोरचा मांडव बायकांनी गच्च भरलेला. माझ्या हातात माइक. सुरुवात गटापासून केली आणि बोलता बोलता त्या पोरीवर आले. तिला पुढं बोलावून उभी केली. कशी राबते, एक रुपया कसा वाया घालवत नाही, सगळं सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझी जीभ काही थांबेना. शेवटी आकडासुद्धा सांगितला. मांडवात "अगो बाई!" झालं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. ती पाठ एकदम ताठ झाली, हे मला हाताला कळलं होतं. कळूनही मी बोलतच राहिले.

नर्सिंगचं मात्र मी बोलले नाही. ते तिचं गुपित आहे, एवढी अक्कल शाबूत होती. म्हणजे जे सांगून कदाचित चार लोक तिच्या बाजूनं उभे राहिले असते ते झाकलं, आणि जे झाकायचं ते मांडवात मांडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण तिचं.

आता हळदीकुंकवाला बायका काही नुसतं वाण घ्यायला येत नाहीत, सुना बघायलाही येतात. जन्म गेला माझा इथं, मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? माणगावची एक बाई पाहुणी म्हणून आली होती, भाच्यासाठी मुलगी शोधत होती. राबणारी, अबोल, पैसा जपणारी. तिला हवी तशी मुलगी मी माइकवरून वर्णन करून दाखवली. आठवडा उलटला नाही तोच स्थळ चालून आलं.

पोरीला नुकतंच अठरावं पूर्ण झालेलं. अठराच्या आत लग्न नाही, हे मी गटात कितीदा तरी घोकून घेतलं होतं, पण ती अठराची झाली आणि कायद्याचा आधार मलाच उरला नाही. बारावीची परीक्षा होऊ दे, मग वैशाखात उरकू, असं दोन्हीकडून ठरलं.

मी तिच्या घरी गेले. भांडायचं ठरवून गेले होते, खोटं नाही सांगत. पण तिची आई दारातच पाया पडली. "ताई, तुमच्या तोंडात साखर पडो! तुम्ही बोलल्यात म्हणून दारात स्थळ आला. मुलाला पगार हाय, हुंडा न्हाय मागत. पोरीनं माझ्यापासून पैसे लपवलंन, तेचा वाईट वाटला, पण देवाला काळजी. लग्नालाच उपयोगी पडतील." मी म्हणाले, "तिला शिकायचंय हो पुढं." बाप आतून म्हणाला, "शिकंल की तिकडं. ते काय नको म्हणनार हायेत?" मग आईनं चहा आणला, सोबत बशीत बिस्किटं. इतका मान त्या घरात मला कधी मिळाला नव्हता. मी चहा प्यायले. आणखी एकदा बोलायला हवं होतं, दोनदा बोलायला हवं होतं. जिथं गप्प बसायचं तिथं अर्धा तास बोलले आणि जिथं बोलायचं तिथं बिस्किट बुडवत बसले. पोर चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही.

नंतर ती गटात आली नाही. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एप्रिलअखेर ती पासबुक न्यायला आली. मी तिच्याबरोबर पोस्टात गेले. वाटेत म्हणाले, "चुकलं गो माझं." ती म्हणाली, "ऊन लई हाय, ताई. सावलीतनं चला."

खिडकीवरचा माणूस ओळखीचा. "मुदत व्हायला अजून वेळ आहे, का मोडतेस गो खातं?" त्यानं विचारलं. ती पासबुकाकडे बघत राहिली. मागे रांग होती. शेवटी मीच म्हणाले, "लग्न आहे तिचं."

"अरे वा!" म्हणून त्यानं शिक्का मारला.

बाहेर तिचा बाप रिक्षात बसला होता. पायरीवर ती थांबली, नोटांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "बाबांना तुम्हीच द्या," ती म्हणाली. "माझ्या हातानं न्हाय व्हत."

मी रिक्षापर्यंत गेले आणि दिले.