कट्यारीचं वाकडं टोक

मुलाच्या लग्नासाठी आज पेटीतून कट्यार काढली. नाकाशी धरली, तर अजून डिझेलचा वास येतोय असं वाटलं, आणि मी मनाने थेट अक्कलकुव्याच्या रस्त्यावर जाऊन पोहोचलो.

माझंच वऱ्हाड ब्राह्मणपुरीहून ट्रकने निघालं होतं. मुहूर्त गोरजाचा, आणि वाटेत इंजिन टकटक करत दमलं. "वाल ढिला व्हयी गयात," ड्रायव्हर सलीमचाचा म्हणाले. त्यांच्याकडे पाना तेवढा होता. इंजिनाच्या वालची फट मोजायचं गेज नाही, पेचकसही नाही. इंजिन गार झाल्यावर त्यांनी गेजऐवजी माझ्या दाढीची तीन ब्लेडं एकावर एक ठेवली. पेचकस म्हणून माझ्या कट्यारीकडे हात केला.

मामी ओरडली, "लगीन लागस तोपर्यंत नवरदेवनी कट्यार सोडानी नही!"

"मंग तूच ये वर, नवरदेव!" चाचा म्हणाले.

मुंडावळ्या मागे टाकून मी बंपरवर चढलो. चाचा पान्याने नट धरून ब्लेडं सरकवायचे, मी कट्यारीच्या टोकाने स्क्रू फिरवायचो. पुढच्या वालसाठी इंजिन फिरवायचं, तर सारं वऱ्हाड गिअरमधला ट्रक वीतभर ढकलायचं! शेवटच्या स्क्रूवर टोक वाकलं. चाचांनी स्टार्टर मारला, आणि इंजिन असं घुमलं की वाजंत्र्यांनी तिथेच ताशा धरला. तेव्हा डोक्यात फक्त मुहूर्त होता. आज मात्र तो ताशाच ऐकू येतो.

अंतरपाट सरला तेव्हा हिने आधी माझी काळी बोटं पाहिली होती.

"टोक सरळ करून आणतो," मी आज म्हणालो. हिने कट्यार ओढूनच घेतली.

"वाकडीच ऱ्हाऊ द्या. पोऱ्यानी गाडी वाटमा बंद पडनी तं?"