ठिपका दिसला की उठायचं

थिएटरच्या ऑपरेटरसाहेबांसमोर त्या जुन्या सिनेमाचा विषय काढायची सोय नव्हती. खेड्यातलं घर, दोन भावंडं, कामाने पिचलेली आई आणि पोटासाठी परगावी गेलेला बाप, एवढीच गोष्ट. पण साहेब बोलायचे ते सिनेमा स्वतः काढल्याच्या थाटात. "मी जितक्या वेळा लावलाय ना, तितक्या वेळा दिग्दर्शकानेही पाहिला नसेल!" त्यात आवडलं काय, असं विचारलं तर उत्तर तयार. "प्रिंट! काय प्रिंट होती! एकदाही तुटली नाही." झालं रसग्रहण.

खरं तर उभ्या हयातीत त्यांनी पाहिला होता तो पडद्याचा उजवा वरचा कोपरा. रीळ संपत आलं की तिथे ठिपका चमकतो. तो दिसला की पुढचं रीळ चढवलेलं दुसरं यंत्र सुरू करायचं. खाली माणसं हुंदके देत, तेव्हा वर यंत्रांच्या खोलीत साहेब ठिपक्यावर डोळा ठेवून बसत. लहानपणी त्यांची लेक सुट्टीला बाल्कनीत एकटी बसून तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायची. खेळ सुटल्यावर बाबांचं बोट धरून घरी जायचं, एवढाच तिचा लोभ. पण बाबांना रिळं उलटी गुंडाळायची असत. मग पोरीची रवानगी शेजारणीबरोबर. कर्तव्यापुढे पोटची पोर ती काय!

साहेब निवृत्त झाल्यावर तो सिनेमा पुन्हा लागला. लेक दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊनच आली.

"बाबा, एकदा माझ्या शेजारी बसून बघा. शेवटपर्यंत. बाकी काही मागत नाही मी."

साहेबांनी मोठ्या मनाने होकार दिला.

आधी त्यांनी पडदा किती मळकाय यावर भाषण दिलं. मागच्यांनी श्शऽ श्शऽ केल्यावर गप्प बसले, आणि हळूहळू चक्क सिनेमा बघू लागले. बांधावर उभी राहून बापाची वाट बघणारी ती लहान मुलगी दिसली तेव्हा तर ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

तेवढ्यात कोपऱ्यात ठिपका चमकला. नवी कॉपी जुन्या प्रिंटवरूनच केलेली, त्यामुळे ठिपकाही तिच्यात आला होता. साहेब ताडकन उठले, लोकांचे पाय तुडवत जिना चढले आणि वरच्या खोलीचं दार ढकललं. आत ना माणूस, ना रीळ. एक पेटी एकटीच सिनेमा दाखवत होती, आणि तिला साहेबांची काडीचीही गरज नव्हती.

ते धापा टाकत परत आले.

"आला का गं बाप?"

"आला."

"मग? पोर धावत सुटली असेल!"

"नाही. तिने ओळखलंच नाही त्याला." लेकीने पडद्यावरची नजर काढली नाही.

साहेबांना स्वतःची लाज वाटली. सवय नसल्यामुळे त्या लाजेचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी ते लेकीच्या कानाशी वाकले.

"तेवढं रीळ पुन्हा लावायला सांगू का?"

"आता रिळं नसतात, बाबा," ती म्हणाली.