शांतव्वाचा रंजका

माघ लागला की उचगावच्या त्या गल्लीत शिंका सुरू व्हायच्या. मग बायका म्हणायच्या, "शांतव्वाचा पाटा सुरू झाला वाटतं."

शांतव्वा निपाणीकडच्या खेड्यातली, कानडीत वाढलेली. लग्न होऊन इकडं आली तेव्हा सासरी वर्षाची कांदा-लसूण चटणी असायची. रंजका कुणाला ठाऊक नव्हता. तो तिनं माहेराहून आणला. झाडावरच पिकून लाल झालेल्या ओल्या मिरच्या फडक्यानं पुसायच्या, सावलीत पसरायच्या. मग लसूण, मीठ, भाजलेल्या मेथीची पूड घालून वाटायच्या, वर लिंबू पिळायचं आणि बरणीत मुरायला ठेवायचं. ज्वारीच्या भाकरीवर तो रंजका आणि त्यात तेलाची धार. एवढ्यावर तिचा नवरा शिवानंद फौंड्रीत दिवसभर आगीपुढं उभा राहायचा.

पण रंजका वाटणं हे शांतव्वाला निव्वळ काम कधीच वाटलं नाही. वरवंटा मागंपुढं होऊ लागला, मिरचीचा गोडसर उग्र वास नाकात शिरला की तिचे डोळे अर्धे मिटायचे. उचगाव हळूहळू विरत जायचं. वेदगंगेकाठचा मिरचीचा मळा दिसायचा, ओल्या मातीत रुतणारे स्वतःचे लहान पाय दिसायचे, पदरात मिरच्या घेऊन बांधावरून येणारी आई, तिची अव्वा दिसायची. अव्वाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दरसाल माघात ती अशी भेटायची.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात शांतव्वाला तापानं धरलं. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण नाक मेलं ते मेलंच. दूध करपलं तरी तिला कळेना. जिभेला मीठ कळायचं, आंबट कळायचं, तिखटाचा जाळही कळायचा, पण त्यापलीकडं काही नाही. येईल आपोआप, असं म्हणून तिनं घरात सांगितलं नाही. माघात नेहमीसारखी पाट्यापुढं बसली. वरवंटा फिरला, मिरची लाल पसरली, डोळ्यांतून पाणी आलं. पण मळा दिसेना आणि अव्वा आली नाही. शांतव्वानं तसंच वाटून बरणी भरली.

थोड्याच दिवसांत शेजारची बयाबाई तिला दिलेली रंजक्याची वाटी घेऊन परत आली.

"शांतव्वा, रागावू नगंस, पर ह्याला वास मारतोय की गं. मिरच्यांस्नी पाणी ऱ्हायलं व्हतं काय?"

शिवानंद ओट्यावर बसून विडी ओढत होता. त्यानं आत जाऊन बरणी उघडली आणि तोंड फिरवलं. शांतव्वा त्याच बरणीतला रंजका सकाळी भाकरीशी खाऊन मोकळी झाली होती.

"तुला कळलं न्हाय?" त्यानं विचारलं.

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला कशाचा वासच येत न्हाई वो. लसणाचा न्हाई, मेथीचा न्हाई. अव्वाबी येत न्हाई."

शेवटचं वाक्य शिवानंदला समजलं नाही. त्यानं विचारलंही नाही. बाजारात जाऊन तो पुन्हा मिरच्या घेऊन आला, स्वतः पुसल्या, एकेक दाबून बघितल्या. शांतव्वा वाटायला बसली तसा समोर बसला. बोटाच्या टोकावर रंजका घेऊन चाटला.

"कसा हाय?"

"तिखट."

"तिखट तर मलाबी कळतंय. वास कसा हाय, सांगा की."

शिवानंद मोठ्या पंचाइतीत पडला. जन्मभर त्याचं बोलणं हाय आणि न्हाय एवढ्यात भागलं होतं. त्यानं पुन्हा चाटलं आणि डोळे मिटले.

"आधी गोड येतोय. पिकल्या पेरूगत. मग लसूण येतोय, अंगावर धावून आल्यागत. आन् मागनं..." तो थांबला. "मागनं कडवट काय तरी. पाऊस पडून गेल्यावर शेणानं सारवलेली भिंत असती बघ, तसं."

शांतव्वाचा हात थांबला. अव्वाच्या घराची भिंत तशीच होती. तिनं डोळे मिटले आणि वरवंटा पुन्हा चालू केला. "आनि?" ती म्हणाली. शिवानंद सांगत राहिला. दुपार कलत गेली, आणि त्याच्या अडखळत्या शब्दांतून कुठंतरी लांब, धुरकट, मळा दिसू लागला.

मग ते दरसालचं झालं. रोज फौंड्रीतून सुटल्यावरही शिवानंद वाटेत थांबून कशाकशाचा वास घेऊन यायचा: नव्या गुळाचा, उसाच्या पाचटाचा, गगनबावड्याकडनं आलेल्या फणसाचा. जेवताना सांगायचा. लोक हसायचे, या मुक्या माणसाला म्हातारपणी वाचा फुटली म्हणायचे.

दोन हजार चारच्या माघात शांतव्वा पाट्यावरच्या मिरचीत लसूण ठेचत होती आणि एकाएकी तिला वास आला. पुसट, भिंतीपलीकडून हाक आल्यासारखा, पण लसणाचाच. तिनं वरवंटा सोडला. मेथीची पूड नाकाशी नेली, तिचाही आला. डोळे भरून आले. हाक मारायला तोंड उघडलं तोवर शिवानंदच पुढ्यात येऊन बसला, बाह्या सारून, बोट पुढं करून.

"आण, बघू दे," म्हणाला. चाटलं, डोळे मिटले. "औंदा लसूण कमी हाय बघ. मिरचीच लई बोलतीया, लसूण बिचारा कोपऱ्यात बसलाय."

लसूण मुळीच कमी नव्हता. शांतव्वाला त्याचा वास आता स्वच्छ येत होता. तिनं त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडं, घामेजल्या कपाळाकडं पाहिलं.

"व्हय?" ती म्हणाली. आणि मूठभर पाकळ्या सोलून आणखी घातल्या.

त्या वर्षी बयाबाईनं वाटी परत देताना नाक मुरडलं, लसूण फार झालाय म्हणाली.

"असू दे की," शांतव्वा म्हणाली, "आमच्यात असाच आवडतोय."